तार आली, गाडी थांबव

शहापुरात खत-बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं माझ्याकडे काही नाही. एक खोली, तिच्या भिंतींना बायकोच्या माहेरून आलेल्या गोधड्या ठोकलेल्या, मध्ये एक काच. काचेच्या अलीकडे मी आणि कॉम्प्युटर, पलीकडे माइक आणि ज्याला गायची हौस आलीय तो. खाली युरियाची गाडी लागली की हमाल पोती आपटतात, तेव्हा रेकॉर्डिंग बंद. पूर्वी मी बेंजो पार्टीत वाजवायचो. बोटं आखडायला लागली तसा बेंजो खुंटीला टांगला आणि या खुर्चीत येऊन बसलो.

या दिवाळी अंकाच्या संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे गमतीदार गिऱ्हाइकांचे किस्से खूप असतील." आहेत ना. धसईच्या बाजारातला एक भाजीवाला टेम्पोच्या भोंग्यासाठी आरोळी भरायला आला होता. रोज ओरडून घसा बसतो, म्हणून एकदाच काय ते ओरडून घ्यायचं. "भेंडी घ्या, गवार घ्या" झकास भरलं. थोड्या दिवसांनी परत आला. "काका, आवाज रागावल्यासारका येतो, बाया लांबूनच जातात. जरा हसून भरू." मग त्याला हसू यावं म्हणून मी काचेमागून वेडीवाकडी तोंडं करत बसलो. एक कीर्तनकार बुवा हेडफोन लावायला तयार नव्हते. आपलाच आवाज आपल्या कानात घालून घेणं हा अहंकार, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर तसेच गायले आणि संध्याकाळी ऐकताना म्हणाले, "पखवाज जरा कमी करा, माझा आवाज दबतोय." पंचायतीच्या निवडणुकीत तर मी एकाच चालीवर दोन्ही उमेदवारांची गाणी केली आहेत, नावं तेवढी बदलून. दोघंही खूश होते आणि दोघंही पडले.

असे किस्से मी बसल्या बसल्या कितीही सांगेन. पण लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात ते वेगळंच. "ते तारेचं गाणं तुमच्याकडंच झालं ना?" हो, माझ्याकडेच झालं. आमच्या शहापूर-मुरबाडकडे हळदीला आला असाल तर तुम्ही ते ऐकलं असेल, कदाचित हात वर करून नाचलाही असाल. त्या गाण्याचं आणि ते करणाऱ्या तिघांचं काय झालं, ते लिहितो. त्यात हसण्यासारखं फारसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं काम कसं चालतं ते थोडं कळायला हवं. गाणं एका दमात भरत नाहीत. आधी ठेका घालायचा. मग त्यावर एकेकाला आत बोलवून त्याचा आवाज घ्यायचा. प्रत्येकाच्या आवाजाची कॉम्प्युटरवर वेगळी पट्टी दिसते. ती लहानमोठी करता येते, झाकता येते, पुसूनही टाकता येते. हे फार सोपं असतं, म्हणूनच मी पहिल्यापासून एक नियम पाळला आहे. ज्याचा आवाज कापायचा, तो माणूस समोर बसलेला हवा. भावाभावांत वाटण्या झाल्या म्हणून भजनाच्या रेकॉर्डिंगमधला भावाचा आवाज काढून द्या, असं सांगत आलेले लोक मी पाहिलेत. त्यांना म्हणतो, भावाला घेऊन या, लगेच काढतो. अजून कोणी आणलेला नाही.

तर ही तीन मुलं. आयटीआयमध्ये एकमेकांना भेटलेली. निलेश धसईकडचा, घरी भाताची शेती, पोरगा बोलायला पुढे, कुठेही उभा राहिला की चार माणसं जमवायचा. स्वप्नाली वाशिंदची. वडील रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारे, ती स्वतः तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला. आणि कैलास तानसाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरपाड्यावरचा. कैलास बोलायचाच कमी. काही विचारलं की आधी घरच्या बोलीत तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि मग आपल्याला समजेल असं सांगायचा.

"काका, रॅप भरायचाय," निलेश पहिल्या दिवशी म्हणाला.

"म्हणजे ते बोटं नाचवत बोलतात ते?"

"हा, तेच. पन आमी गाडी, सोन्याची चेन, असलं काय नाय बोलत."

"मग काय बोलता?"

"एसटी," स्वप्नाली म्हणाली. "रेशन. पाण्याचा पाइप. माझी नाइट शिफ्ट."

मी मनात म्हटलं, हे गाणं नाही, ही ग्रामसभा आहे.

पण तिघं आत माइकपुढे उभी राहिली आणि मी खुर्चीत सरळ झालो. रॅपमध्ये सुराचं ओझं नसतं, सगळा खेळ श्वासाचा. श्वास कुठे घ्यायचा ते चुकलं की शब्द ठेक्यावरून घरंगळतात. निलेश शब्द फेकण्यात हुशार होता, स्वप्नाली धारदार होती, पण श्वास कैलासचा. लहानपणापासून पाड्यावर फेर धरून गाणाऱ्यांत वाढलेला पोरगा, दमायचाच नाही. एकाचं कडवं संपता संपता दुसरा त्याच्या शेवटच्या शब्दाखालून आपला श्वास सुरू करायचा, त्यामुळे तिघं मिळून एकच लांबलचक माणूस बोलतोय असं वाटायचं. मी अनेक बुवा, शाहीर, गायिका भरल्या, ही गोष्ट मला दुसरीकडे भेटली नाही.

ग्रुपचं नाव "कूड". कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपली की जी भिंत होते ती. नाव कैलासनं दिलं. कुडाच्या घरात शेजारचं सगळं ऐकू येतं, लपवता काही येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्यांचा आपसात एक ठराव होता: प्रत्येकानं आपल्या घरात बोलतात तसंच बोलायचं आणि दुसऱ्याच्या कडव्याला हात लावायचा नाही. निलेशनं एकदा कैलासचा एक शब्द लोकांना कळेल असा करून दिला, तर कैलास माइक सोडून जिन्यात जाऊन बसला.

"नाय कळला तं इचारतील," तो म्हणाला. "इचारायला काय झालं त्यांना?"

सुरुवातीची गाणी पाच-पन्नास लोकांनी ऐकली. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि उरलेल्यांपैकी एक मी. तरी तेव्हा ती तिघं आनंदात होती, हे मला आठवतं. रेकॉर्डिंग झालं की खाली वडापाव खात उभी राहायची आणि एकमेकांची टर उडवायची.

मग कैलासचा मोठा भाऊ गेला.

चंदर त्याचं नाव. तो डीजेच्या गाडीवर बांबूवाला होता. आमच्याकडच्या वरातीची गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. ट्रकवर एकावर एक स्पीकर रचतात, उंची घराच्या कौलांच्याही वर जाते. गावातल्या रस्त्यांवरून विजेच्या तारा आडव्या गेलेल्या असतात आणि उन्हाळ्यात त्या आणखी सैल होऊन लोंबतात. म्हणून स्पीकरच्या माथ्यावर एक माणूस बसवतात. त्याच्या हातात वाळका बांबू. तार दिसली की तो ओरडतो, "तार आली, गाडी थांबव!" ड्रायव्हर थांबतो, हा बांबूनं तार उचलून धरतो आणि गाडी खालून हळूहळू सरकते. खरं तर वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्यायला हवी. पण लाइन गेली की सगळ्या गावाचे पंखे बंद पडतात आणि गाव वरातीच्या नावानं बोंब मारतं, म्हणून कोणी सांगायला जात नाही.

मे महिना होता. अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि बांबू अंगणात तसाच भिजत राहिला होता. चंदर वरून ओरडला, पण गाण्याच्या आवाजात ते खाली कोणाला ऐकू गेलं नाही. झटका बसून तो गाडीच्या मागच्या बाजूला पडला. गाडीचा जनरेटर गाडीवरच असतो, त्यामुळे गाण्याला काही झालं नाही. ते चालूच राहिलं. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, कोणीतरी पिऊन पडलं. गाडी पुढच्या वळणापर्यंत गेली आणि सगळी वरात तिच्यापुढे नाचत गेली.

त्या नाचणाऱ्यांत कैलास होता. चंदरनंच त्याला बोलावलं होतं, ये रे, जेवण चांगलं आहे म्हणून.

चंदरचे दिवस घातल्यावर कैलास माझ्याकडे आला. बरोबर निलेश आणि स्वप्नाली. गाणं तयार करून आणलं होतं. मी विचारलं, ठेका कसा घालू?

"त्या दिशी वाजत व्हता त्योच."

"अरे, तो हळदीचा ठेका आहे."

"त्योच घाला."

मी त्याला समजावलं. अर्धी हयात मी तो ठेका बेंजोवर वाजवलाय, हळदीत आणि वरातीत दुसरं चालतच नाही. त्यावर तुम्ही देवाचं नाव घ्या नाहीतर शिव्या द्या, माणसाचे पाय आधी हलतात. "लोक नाचतील रे यावर," मी म्हटलं.

"नाय नाचनार," कैलास म्हणाला. "दादा पडला तवा ह्योच वाजत व्हता. आईकतील न् थांबतील."

एवढंच त्याला हवं होतं. कोणी रडावं असं नव्हतं, कोणी माफी मागावी असंही नव्हतं. ते गाणं ऐकून एकदा वरात थांबावी. निलेश म्हणाला, काका, त्याला पाहिजे तसंच करू. स्वप्नालीनं मान हलवली. मी ठेका घातला.

गाण्याची सुरुवात चंदरच्या आरोळीनं होती, कैलासच्या आवाजात. "तार आली, गाडी थांबव! बांबू घे, वर कर!" मग निलेशचं कडवं, लग्नातल्या पंगतीचं आणि कोणाची वरात मोठी या चढाओढीचं. मग स्वप्नालीचं, तिच्या कारखान्यातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचं. आणि शेवटी ठेका एकदम बंद. थोडा वेळ काहीच नाही. मग कैलासचा एकट्याचा आवाज, खाली काही न वाजता:

"दादा पडला मागं, मी नाचत व्हतो पुढं,
गानं थांबलं नाय, गाडी थांबली नाय,
आई इचारते मना, तुला आईकू कसं गेलं नाय?"

हे कडवं त्यानं एकदाच म्हटलं. शेवटच्या ओळीला खाली दुकानात एक पोतं आपटलं, त्याचा धप्पकन आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला. मी म्हटलं परत घेऊ. तो म्हणाला, राहू दे. स्वप्नाली बाहेर जिन्यात तोंड दाबून रडत होती.

मोबाइलवर टाकल्यावर थोडे दिवस काही झालं नाही. मग मुरबाडकडच्या एका डीजेवाल्याच्या हातात ते पडलं. त्याला आवडली ती सुरुवातीची आरोळी. तिच्यामागून ठेका उसळतो तो त्याला झकास वाटला. त्यानं ते हळदीत लावलं. पोरांनी "वर कर" म्हटल्यावर तार उचलतात तसे दोन्ही हात वर केले आणि कंबर हलवली. झाली स्टेप तयार. महिन्याभरात तालुकाभर तेच. लहान पोरं शाळेच्या गॅदरिंगला करायला लागली. माझ्या गल्लीतली एक चार वर्षांची मुलगी मला बघितलं की हात वर करायची.

तिघं पहिल्यांदा स्वतःचं गाणं हळदीत ऐकायला गेली तेव्हा मीही बरोबर होतो. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आरोळी झाली, हात वर गेले, निलेशचं कडवं, स्वप्नालीचं कडवं, लोकांना पाठ. कैलास खांबाला टेकून उभा होता. तो ठेका थांबायची वाट बघत होता. ठेका थांबणार तेवढ्यात डीजेवाल्यानं सफाईनं दुसरं गाणं लावलं. नाचणाऱ्यांना कळलंही नाही. कैलास त्याच्याकडे गेला.

"फुडचं लावा की."

"फुडं काय हाय? फुडं तं ठेकाच नाय रे," तो म्हणाला.

त्याचंही खरं होतं. ठेका मेला की नाचणारे पाणी प्यायला जातात, आणि गेलेले लोक परत गोळा होत नाहीत. म्हणून आमच्या धंद्यात ठेका मरू देत नाहीत. लोक यावर नाचतील हे मी कैलासला रेकॉर्डिंगच्या वेळीच सांगितलं होतं. पण सांगून काय होतं.

मग बोलावणी सुरू झाली. हळदीला या, उद्घाटनाला या, गणपतीला या. निलेशला वाईट ठरवणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही. त्याच्या घरी त्याला आजवर कोणी मोजत नव्हतं. आता बाप चारचौघांत "हा माझा" म्हणायला लागला होता. तो कैलासला म्हणाला, "अरे, दादाचं नाव तरी निघालं ना लोकांत?"

"नाव नाय निघालं," कैलास म्हणाला. "त्याची आरोळी निघाली."

पहिले काही कार्यक्रम कैलास गेला. स्टेजवर असल्यामुळे ठेका थांबवणं त्याच्या हातात होतं. एका हळदीत त्यानं तो थांबवला आणि शेवटचं कडवं म्हणायला लागला. नवऱ्याचा मामा स्टेजवर चढला. माणूस सभ्य होता, ओरडला नाही. अंगाला हळद लागलेली, हात जोडून म्हणाला, "बाबा, हळदीत मयताचा विषय नको. आमचे पोराचा संसार सुरू होतोय." आमच्याकडे हे पाळतात, आणि मामाची भीती मला कळते. कैलासच्या घरीही ते पाळतात. त्यानं माइक निलेशच्या हातात दिला आणि खाली उतरला. नंतर बोलावणारे आधीच अट घालायला लागले की शेवटचं नको. कैलासनं जाणं सोडलं.

पण निलेश कार्यक्रमात रेकॉर्डिंग लावून गायचा, त्यात कैलासचा आवाज होताच. मग एक दिवस निलेश एकटाच माझ्याकडे आला.

"काका, शेवटचं कडवं काढून एक नवीन कॉपी द्या. ठेका थांबला की लोक मधीच आवाज करतात."

"कैलास कुठे आहे?"

"तो नाय येनार."

"मग मीही नाही काढणार. माझा नियम तुला माहीत आहे."

तो भिंतीवरच्या गोधडीकडे बघत म्हणाला, "तुमाला काय वाटतं, मला बरं वाटतंय का?" मला तसं वाटत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. तो उठून गेला. ते कडवं त्यानं एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर कापलं. आता त्यासाठी माझ्यासारखा माणूस लागत नाही. माझा नियम माझ्या खोलीपुरताच राहिला.

मध्ये एकदा मुंबईहून बोलावणं आलं. रॅपवाल्या पोरांचाच मेळा, तिथे हळद नाही, मामा नाही. स्वप्नालीनं दोघांना कसंबसं तयार केलं. तिथे गाणं पूर्ण झालं. ठेका थांबला आणि सगळा हॉल खरोखर थांबला. कोणी खोकलं नाही. नंतर लोकांनी टाळ्या-शिट्ट्या वाजवल्या आणि एका मुलानं कैलासबरोबर हात वर केलेला फोटो काढून घेतला. हे सगळं मला स्वप्नालीनं सांगितलं. परत आल्यावर मी कैलासला म्हटलं, "थांबले ना रे लोक?"

"थांबले," तो म्हणाला. "पन त्यांच्याकडं तारा जमिनीखालनं जातात, काका. ते थांबून काय उपेग?"

त्यानंतर तिघं एका स्टेजवर आली नाहीत.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण झालं की कोणीतरी मिटवायला जातो. इथे नुसतं विरत गेलं. स्वप्नालीनं अजून एकदा प्रयत्न केला. नवीन गाणं करू म्हणाली. निलेश एका दिवशी येऊन आपलं कडवं भरून गेला, कैलास दुसऱ्या दिवशी. मी पट्ट्या एकाखाली एक लावल्या, मात्रा चोख बसल्या. ऐकलं तर तीन माणसं तीन वेगळ्या खोल्यांत बोलतायत. पूर्वी एकाच्या शब्दाखालून दुसऱ्याचा श्वास निघायचा, ते कुठेच नव्हतं. ते कॉम्प्युटरवर करता येत नाही, मी करून पाहिलं. स्वप्नालीनं हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "नको काका, असू दे." तिला पुढे कारखान्यात लाइनवर देखरेखीचं काम मिळालं, मग लग्न झालं. अधूनमधून तिचा फोन येतो. एकदा विचारत होती, "माझं कडवं कुणाला आठवतं का हो?" मी म्हटलं, मला आठवतं गो, अख्खं. ती हसली, पण मला ते हसू बरं वाटलं नाही.

मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये मलाही घेतलं होतं. त्यात शेवटचा मेसेज निलेशचा आहे, दिवाळीच्या शुभेच्छांचा, पणत्यांच्या चित्रासकट. खाली कोणी काही लिहिलेलं नाही. मीही लिहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुरबाडकडे माझ्या भाच्याचं लग्न होतं. सकाळी उन्हं तापायच्या आत नवरदेव निघणार, दारात डीजेची गाडी उभी. गाडीच्या पुढच्या फळीवर माइक घेऊन निलेश. त्याचा आता तोच धंदा आहे, वरातीला रंगत आणायची. मला बघून तो खाली उतरून पाया पडला. मग मी वर बघितलं. स्पीकरच्या माथ्यावर बांबू मांडीवर घेऊन कैलास बसला होता.

तो खाली उतरला. पायात जाड रबरी बूट. बांबू त्यानं माझ्यासमोर खालीवर हात फिरवून तपासला, गाठींना नाक लावून हुंगला. ओल असली तर वास येतो म्हणे.

"तू इथे काय करतोस रे?"

"ह्या गाडीवर असतो. अजून दोन गाड्यांवर पन बसतो."

"आणि आई?"

"आई बोलत नाय माज्याशी." त्यानं बांबू खांद्यावर घेतला. "कोनतरी वर बसनारच ना, काका. मी बसलो तं गाडी थांबते."

मालकाशी त्यानं एकच गोष्ट ठरवून घेतली होती. गाणं बंद करायचं एक बटण वर, त्याच्या हाताशी. आयटीआयला तो इलेक्ट्रिशियनचं शिकलेला, वायर त्यानं स्वतःच ओढली होती. तार आली की आधी गाणं बंद, मग आरोळी, मग बांबू. ड्रायव्हरला ऐकू गेलंच पाहिजे. वायरमनला फोन करून लाइनही बंद करून घ्यायला तो सांगतो, पण त्या दिवशी भाच्याच्या बापानं "एवढ्याशा वाटेला कशाला" म्हणून टाळलं. माझाच मेहुणा. मी त्याच्याशी भांडलो, त्यानं ऐकलं नाही.

निलेश आणि कैलास एकमेकांशी बोलले नाहीत. एका गाडीवर, एक पुढे, एक वर.

वरात देवळापर्यंत आली आणि ते गाणं लागलं. पोरं खुळ्यासारखी उसळली. माझ्या बहिणीनं मला ओढलं, मी हात सोडवून घेतला. मी वर बघत होतो. देवळाच्या पुढे तार होती, खाली लोंबलेली. कैलास उठून गुडघ्यावर आला आणि त्यानं बटण दाबलं.

एकदम शांत झालं. चपलांचे आवाज ऐकू यायला लागले. भाच्याचे दोस्त वर बघून शिव्या द्यायला लागले, "ए बांबू, लाव ना!" कोणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती त्याच्या खांद्याला लागली. त्यानं तिकडे बघितलंही नाही. तो ओरडला,

"तार आली, गाडी थांबव!"

गाडी थांबली. आणि खालच्या सगळ्या पोरांनी, बायकांनी, माझ्या बहिणीनं, एका आवाजात ओरडून त्याला पुढची ओळ दिली, "बांबू घे, वर कर!" हात वर गेले. ठेका नव्हता, तर त्यांनी टाळ्यांचा धरला. तेच गाणं आहे असं त्यांना वाटलं. मी जिवाच्या आकांतानं "अरे थांबा, थांबा रे" म्हणून ओरडलो, तर शेजारचा पोरगा हसून माझेच हात वर धरायला लागला.

एकट्या निलेशनं हात वर केला नव्हता. बंद माइक छातीशी धरून तो मान मागे टाकून वर बघत होता.

कैलासनं तार उचलली. खाली टाळ्या चालल्या होत्या, तशात गाडी तसूतसूनं पुढे सरकली. तार मागे सुटली तेव्हा त्यानं बांबू आडवा ठेवला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि बटणाकडे हात नेला. खालून ओरडा चाललाच होता, लाव, लाव. त्यानं एकदा निलेशकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्यानं ते गाणं परत चालू केलं.